जिथं आवाज फाटतो

"लोकांना कळतच नाही, तर मग बिघडलं कुठं, अक्का?" शर्वाणीनं विचारलं.

यमुनाक्का चिंचेतले चिंचोके काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला कळत नाही?"

"कुणालाच. ऐकणाऱ्यांना नाही, पेटीवाल्याला नाही. परवा पुण्यात एवढे जाणकार समोर बसले होते, त्यांनाही नाही."

"हं..."

"उलट त्यांनी नेमकं त्याच जागेचं कौतुक केलं. म्हणाले, ही शर्वाणीची खास जागा."

अक्कांच्या बोटांतून एक चिंचोका सुटून परातीत वाजला.

"खास," त्या म्हणाल्या. आणि पुढची चिंच उचलली.

कुरुंदवाडला नदीच्या घाटावरून वर आलं की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आहेत. यमुनाक्का तेरदाळकर तिथं राहत. एके काळी त्यांनी मोठमोठ्या मैफली गाजवल्या होत्या. मग एके दिवशी जाहीर गाणं बंद करून त्या गावी आल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

त्यांच्या गाण्याबद्दल एकच गोष्ट सगळे सांगत. खालच्या सुरांपासून अगदी वरच्या सुरांपर्यंत तो आवाज कुठं बदलतो, ते कळत नसे. माणसं कान टवकारून बसत. आता कळेल, या सुरावर कळेल, म्हणेपर्यंत अक्का वर पोचलेल्या असत.

कारण आवाज बदलतो. प्रत्येकाचा बदलतो. खालचा आवाज छातीत घुमतो, जाड असतो. वरचा डोक्यात वाजतो, बारीक असतो. मध्ये एक जागा येते. तिथं खालचा संपत आलेला असतो आणि वरचा अजून लागलेला नसतो. जोर केला की आवाज तिथंच फाटतो.

शर्वाणी आवटीची ती जागा निषादावर होती. सप्तकातला शेवटचा सूर. त्याच्यावर एक पायरी, की वरचा षड्ज.

शर्वाणीचा खालचा आवाज भरदार होता. तिनं पहिला सूर लावला की माणसं सावरून बसत. वरचा आवाजही तिचा लखलखीत होता. पण दोन्हींच्या मधून जायची वेळ आली की ती पंचमावर थांबायची. श्वास घ्यायची. तबलजीकडे बघून किंचित हसायची. आणि मग एक झपाट्याची तान घेऊन थेट वरच्या षड्जावर उतरायची.

टाळ्या पडत.

मधला निषाद त्या धुरळ्यात कुठं गेला, हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

अक्कांना मात्र पहिल्या दिवशीच दिसलं होतं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या होत्या, "उडी मारू नकोस. चालत जा."

शर्वाणी चालत गेली होती. सगळा जोर लावून गेली होती. आवाज फाटला होता. ती इतकी शरमली होती की पुढं तिनं अक्कांसमोरसुद्धा ती वाट धरली नाही.

"चालत जा," अक्का अधूनमधून म्हणत.

"हो," शर्वाणी म्हणे. आणि उडी मारी.

बरीच वर्षं असंच चाललं. शर्वाणीचं नाव झालं. पुरस्कार मिळाले. बाहेरगावची बोलावणी येऊ लागली.

आणि आज ती पहिल्यांदाच समोर बसून विचारत होती, बिघडलं कुठं?

अक्कांनी परात बाजूला सारली. पदराला हात पुसले.

"सांगलीत काय गाणार आहेस?"

सांगलीत अक्कांचा सत्कार ठरला होता. अक्का नको म्हणत होत्या. पण जुने चाहते ऐकेनात. सत्काराआधी शर्वाणीचं गाणं होतं.

"मुलतानी," ती म्हणाली.

"मुलतानीत निषादावर उभं राहायला लागतं."

"माहीत आहे."

"राहशील?"

शर्वाणी हसली. "लोकांना आवडेल असंच गाईन, अक्का. तुमचा सत्कार आहे."

अक्कांनी परात पुन्हा पुढं ओढली.

*

कार्यक्रम संध्याकाळी होता. नाट्यगृह भरलं होतं. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अंगावर नेहमीचंच इरकल लुगडं, पायांत जुन्या चपला.

शर्वाणीनं सूर लावला.

त्या दिवशी तिचा गळा फार चांगला लागला होता. खालचे सूर असे भरून आले की बशीरभाई मुजावरांनी तबल्यावर हात ठेवण्याआधी डोळे मिटून मान हलवली. अर्ध्या घटकेत तिनं सगळं सभागृह मुठीत घेतलं.

हळूहळू ती वर सरकली. पंचमावर आली.

थांबली. श्वास घेतला. बशीरभाईंकडे बघून हसली.

बशीरभाईंनाही सवयीनं ठाऊक होतं, आता तान येणार. त्यांनी बोटं सज्ज केली.

तेवढ्यात पहिल्या रांगेत अक्कांचा हात वर झाला.

पंजा शर्वाणीकडे. दारातून आत घुसणाऱ्याला थोपवावं तसा.

बशीरभाईंनी तो पाहिला आणि त्यांचा हात आपोआप ढिला पडला. पेटीही थबकली. मागं नुसते तंबोरे वाजत राहिले.

शर्वाणीला समजेना. तान गळ्यापर्यंत आली होती, ती तिथंच राहिली. समोर तो हात तसाच. सगळे वाट बघताहेत. मागं जाता येत नाही. उडी मारता येत नाही.

मग तिनं होता नव्हता तो जोर एकवटला आणि निषादावर पाऊल टाकलं.

आवाज फाटला.

कोरं कापड टरकन फाडावं तसा. पार टोकापर्यंत. ध्वनिवर्धकानं तो सभागृहाच्या कोपऱ्याकोपऱ्यात नेला.

कुणी हललं नाही. कुणी खाकरलंही नाही. भरल्या सभागृहात अशी शांतता पडली की तंबोऱ्याच्या तारा मोजाव्यात.

आणि त्या शांततेत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं,

"वा!"

माना वळल्या.

यमुनाक्का होत्या.

ज्या बाईनं आजवर एकाही शिष्याला दाद दिली नव्हती, फार तर 'हं' म्हटलं होतं, ती बाई मांडीवर थाप मारून पुन्हा म्हणाली,

"वा! वा!"

हार घेऊन विंगेत उभा असलेला संयोजक तसाच आ वासून उभा राहिला. बशीरभाईंनी मान खाली घातली. तंबोऱ्यावर बसलेल्या कुंदाचं बोट तारेवरच थांबलं.

शर्वाणीचा चेहरा पांढरा पडला होता. ती अक्कांकडे बघत होती. ओळखीच्या माणसानं भर रस्त्यात थोबाडीत मारावी आणि का मारली ते कळू नये, असं बघत होती.

मग ती उठली. नमस्कार न करता, मागं न बघता, विंगेतून निघून गेली.

अक्कांनी सत्कार घेतला नाही. पुढं केलेली शाल खुर्चीवर ठेवली. "माझं ऐकून झालं," म्हणाल्या आणि कुरुंदवाडची गाडी धरली.

*

व्हायचं ते झालं. कुणीतरी मोबाइलवर तेवढंच टिपलं होतं. फाटलेला आवाज, शांतता, आणि 'वा!'

ते सगळीकडे फिरलं. कुणी म्हणालं, म्हातारीला ऐकू येत नाही आता. कुणी म्हणालं, ऐकू येतं म्हणून तर. शिष्या मोठी झाली की गुरूच्या पोटात दुखतं, असंही एकजण लिहून गेला. ते वाचून लोक हसले.

शर्वाणी हसली नाही. रडलीही नाही. अक्कांचा फोन घ्यायचा नाही, यावर ती अडून बसली. खरं तर अक्कांनी फोन केलाच नव्हता, हे फार उशिरा तिच्या लक्षात आलं.

तोंडावर मिरजेचा कार्यक्रम होता. तिनं मनाशी ठरवलं, तिथं अशी तान घ्यायची की लोक सांगली विसरतील.

सकाळी ती रियाजाला बसली. खालचा सूर लागला. मध्यम, पंचम. थांबली. श्वास घेतला. हसली, समोर कुणी नसताना.

आणि गळा बंद झाला.

तान निघेना. पुन्हा बसली. पुन्हा पंचमावर आली. जिथून इतकी वर्षं तिनं डोळे मिटून उडी मारली होती, तिथं आता गळा आवळून यायचा. सूर नाही, हवाही नाही. नुसता आवंढा.

ती डॉक्टरकडे गेली. त्यांनी नळी घालून तपासलं. "गळा एकदम ठीक आहे तुमचा," ते म्हणाले. "थोडी विश्रांती घ्या."

तिनं विश्रांती घेतली. हळद घातलेलं दूध प्यायली. वाफ घेतली. मौन पाळलं. पंचमावर आलं की तेच.

मिरजेचा कार्यक्रम रद्द झाला. मग त्यानंतरचाही.

एका पहाटे ती दचकून उठली, ती या विचारानं, की आता मला गाता येत नाही. आवाज आहे. सूर आहेत. खाली सगळं आहे, वर सगळं आहे... आणि खालून वर जायला वाटच नाही.

त्याच दुपारी ती कुरुंदवाडला उतरली.

*

दार उघडंच होतं. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. तंबोरा मांडीवर आडवा घेऊन जुनी तार सोडवत होत्या.

शर्वाणी उंबऱ्यातच उभी राहिली. पाया पडली नाही.

"जेवलीस?" अक्कांनी विचारलं.

"माझा गळा गेला, अक्का."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं.

"बोलतीयस की."

"गाता येत नाही. पंचमाच्या वर जाता येत नाही. त्या दिवसापासून... ती उडीसुद्धा जमत नाही मला."

"उडी गेली?"

"गेली."

"बरं झालं."

शर्वाणीला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. तिनं चौकट धरली.

"बरं झालं? माझे कार्यक्रम रद्द झाले. लोक हसतात मला. घरात कुणी गाण्याचा विषय काढत नाही, सुतक असल्यासारखे वागतात. आणि तुम्ही म्हणता, बरं झालं?"

"आत ये. ऊन लागतंय."

"मला आधी सांगा. 'वा' का म्हणालात?"

"आवडलं म्हणून."

"काय आवडलं? काय आवडलं त्यात, अक्का? आवाज फाटला माझा! भर सभेत! आणि तुम्ही मांडीवर थाप मारलीत!"

अक्कांनी तार बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"एवढ्या वर्षांत त्या जागेवर तुझं पाऊल पहिल्यांदा पडलं," त्या म्हणाल्या. "मी बसून होते त्यासाठी. आनंद झाला. निघालं तोंडातून."

"लोकांना काय वाटलं असेल?"

"ते मी बघितलं नाही."

...

शर्वाणी आत आली. समोर बसली. तिचा आवाज एकदम खाली आला. तो रागापेक्षा वाईट होता.

"तुमचं बरं आहे, अक्का. तुमच्या गळ्याला ती जागाच नाही. देवानं तुम्हाला सलग गळा दिला. खालून वर एकच. फाटणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं कळणार? तुम्ही कधी पडलाच नाहीत. जे कधी पडले नाहीत, त्यांना दुसऱ्याचं पडणं बघून 'वा' म्हणणं सोपं असतं."

बोलून झाल्यावर तिलाच धक्का बसला. असं ती अक्कांशी आयुष्यात बोलली नव्हती.

बाहेर घाटावर कुणी बाई धुणं आपटत होती, तेवढाच आवाज.

"इकडं ये," अक्का म्हणाल्या.

शर्वाणी जागची हलली नाही.

"ये की. जवळ ये. हात दे तुझा."

तिनं हात पुढं केला. अक्कांनी तो मनगटाशी धरला, आपला पदर जरा बाजूला केला आणि तिचा तळवा आपल्या गळ्याखाली, छातीच्या हाडावर टेकवला. बोटांची टोकं गळ्याच्या खळगीत आली.

शर्वाणी अवघडली. एवढ्या वर्षांत तिनं अक्कांच्या फक्त पायांना हात लावला होता. खालची कातडी पातळ होती, कोमट होती. आत श्वास चाललेला कळत होता.

"डोळे मीट. हात काढायचा नाही."

अक्का गाऊ लागल्या.

खालचा षड्ज. तळव्याखालचं हाड घुमू लागलं. फिरत्या जात्याला हात लावावा तशी घरघर तिच्या मनगटापर्यंत आली. अक्का सावकाश वर निघाल्या. गांधार... मध्यम... हाड घुमतच होतं. पंचम.

कानाला तोच आवाज ऐकू येत होता. सगळे ज्याची गोष्ट सांगत, तो. वय झालं होतं, थोडा दम लागत होता, पण अखंड. पंचमावरून तो निषादाकडे निघाला. शर्वाणीनं कान दिला. कुठंही काही बदललं नाही.

आणि हाताखाली सगळं थांबलं.

घरघर गेली. हाड गप्प झालं. बोटांखाली खळगीत काहीतरी दचकल्यासारखं झालं, घसरलं. एक क्षण तिच्या तळव्याखाली काहीच नव्हतं. नुसती एका म्हाताऱ्या बाईची कातडी.

सूर मात्र चालूच होता.

शर्वाणीनं विस्तवाला लागल्यासारखा हात मागं घेतला.

तिनं डोळे उघडले. अक्का वरच्या षड्जावर पोचून गप्प झाल्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या.

"हात काढू नकोस म्हटलं होतं."

"अक्का, ते..."

"ठेव परत."

तिनं ठेवला. अक्का पुन्हा गायल्या. पुन्हा तेच झालं. कानाला अखंड... आणि हाताला, नेमकं निषादावर, सगळं तुटलेलं. तो दचका. ते घसरणं. ते रिकामं.

तिसऱ्यांदा तिनं स्वतःहून हात ठेवला. लहान मूल बंद घड्याळ कानाला लावतं तशी मान कलती करून.

तेच.

"अक्का," ती अगदी हळू म्हणाली, "तुमचाही..."

"हं."

"मध्ये काहीच नसतं तिथं."

"नसतं."

"अजूनसुद्धा?"

"रोज."

"पडता तुम्ही?"

"पडते की."

शर्वाणी भिंतीला टेकली. ज्या आवाजाला ती इतकी वर्षं जोड नसलेला म्हणून नमस्कार करत आली होती, त्यात जोड होता. तिच्या जोडाएवढाच मोठा. आणि ही बाई रोज, प्रत्येक मैफलीत, हजार माणसांसमोर, त्यात पाय घालत आली होती.

"मग ऐकू का येत नाही?" तिनं विचारलं.

अक्कांनी नवी तार चढवली. खुंटी पिळली, तार लावली, तंबोरा उभा केला.

"गा."

"मला येत नाही."

"गा."

शर्वाणीनं षड्ज लावला. भरदार, नेहमीसारखा. खोली भरून गेली.

"कमी," अक्का म्हणाल्या.

तिनं आवाज कमी केला.

"आणखी."

तिनं आणखी कमी केला. गांधारावर आली, मध्यमावर आली. सवयीनं छाती भरली.

"कमी. वर चाललीस, ओझं कशाला घेतीस?"

पंचमावर गळा आवळला. ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंत? हे असं होतं."

"पहिल्यापासून घे. कमी."

पुन्हा. पुन्हा पंचमावर गळा बंद. पुन्हा. ऊन सरकून परातीवर आलं. घाटावरचं धुणं संपलं. अक्का एकच शब्द म्हणत राहिल्या, आणि शर्वाणीचा आवाज लहान होत गेला. ज्या आवाजावर तिचं नाव झालं होतं तो आधी अर्धा झाला, मग पाव, मग शेजारच्या खोलीत बाळ झोपलं असावं एवढा उरला.

"कमी."

"अक्का, आता काही उरलंच नाही! याहून कमी म्हणजे गप्पच बसायचं."

"बस मग गप्प."

"म्हणजे?"

"गप्प बस... सूर सोडू नकोस."

शर्वाणीनं त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

ती दमली होती. रागही संपला होता. काही जमेल ही आशाही संपली होती. तिनं डोळे मिटले आणि शेवटचं एकदा, अक्कांच्या शब्दाखातर, षड्ज धरला. जेमतेम. ओठांच्या आतल्या आत.

गांधार. मध्यम.

पंचम. गळा आवळायला लागला... पण आवळायला तिथं काही नव्हतं. तिनं काही धरलंच नव्हतं.

पुढं अंधारात पाय टाकावा तसं झालं. हाताखाली काही नाही. पायाखाली काही नाही. आत काहीतरी दचकलं आणि घसरलं. पडले, असं तिला वाटलं. संपलं. तिनं स्वतःला सोडून दिलं.

तेव्हा अक्का गायला लागल्या.

तिला हायसं वाटलं. आपण पडलो आणि अक्कांनी उचलून धरलं. तो सूर डावीकडून येत होता, की वरून, कळेना. बारीक होता, पण काठोकाठ होता. निषादावर उभा होता. हलत नव्हता. शर्वाणी ऐकत राहिली. या वयात, तिच्या मनात आलं, या वयात काय सूर लावते ही बाई. एवढी वर्षं इथं येऊन मी हे असं कधी ऐकलंच नाही.

सूर निषादावरून निघाला आणि हलकेच वरच्या षड्जात गेला. कुठून गेला ते कळलं नाही.

शर्वाणीच्या अंगावर काटा आला. तिनं अक्कांना बघायला डोळे उघडले.

अक्का पाणी पीत होत्या.

तांब्या तोंडाला लावलेला होता. मान वर होती. घोट उतरताना गळ्याची खळगी हलत होती. दुसरा हात तंबोऱ्यावर.

आणि षड्ज चालू होता.

शर्वाणीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. दारात कुणी नव्हतं. षड्ज चालूच होता... आणि मग तिला आपल्या टाळूत तो थरारताना जाणवला.

किंकाळी फुटावी तशी ती "आई गं!" म्हणाली आणि दोन्ही हात तोंडावर दाबून मागं सरकली. पाठ भिंतीवर आपटली.

सूर थांबला.

अक्कांनी तांब्या खाली ठेवला. ओठ पुसले.

"काय झालं?"

"अक्का... आत्ता कोण गात होतं?"

"मी पाणी पीत होते."

"मी... ते मी होते?"

"मला पाणी पिताना गाता येत नाही बाई."

शर्वाणी आधी हसली, मग ते हसू मोडलं आणि ती रडायला लागली, घशातून, मोठमोठ्यानं, कशीही. अक्कांनी तिला उगी केलं नाही. तंबोरा तेवढा वाजत ठेवला.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. नाक पुसलं. आपला हात आपल्या गळ्याखाली ठेवला आणि तोच सूर पुन्हा धरला. जेमतेम. हाताखालची घरघर गेली, दचका बसला, रिकामं झालं. तिचे डोळे विस्फारले. पण ती थांबली नाही. वर पोचली. पुन्हा खाली आली, पुन्हा गेली. एकदा फाटला. एकदा गेला. एकदा जाता जाता अडखळला आणि तरी गेला.

मग ती थांबली. तिच्या कपाळावर एक आठी आली. आता ती मंचाचा विचार करत होती. ते तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. पाठ ताठ झाली होती.

"पण अक्का..."

"हं?"

"हे इथं ठीक आहे. या खोलीत. एवढं कमी करून कार्यक्रमात गायलं, तर शेवटच्या रांगेला काय ऐकू जाणार?"

अक्कांनी तंबोऱ्याच्या तारांवर आडवा हात ठेवला. खोली गप्प झाली.

...

"मगाशी माझा सूर समजून ऐकत होतीस, तेव्हा तू कुठल्या रांगेत बसली होतीस?"